आझाद मैदान ते भुलेश्वर : जुन्या औषधांचा आणि लढायांचा वॉक, आईला घेऊन केला

मागच्या शनिवारी आईला घेऊन हा वॉक केला, तेव्हापासून लिहायचं लिहायचं म्हणतेय, आज वेळ मिळाला. जरा मोठं होणारे कारण सांगण्यासारखं खूप आहे. पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला तेही खाली लिहिते.

आधी कामाचं. सकाळी आठला कामा हॉस्पिटलच्या बाजूला आझाद मैदानाजवळ जमायचं, अकराच्या सुमारास भुलेश्वरला संपतो. माणशी ७०० रुपये. पंधराच लोक घेतात आणि अख्खा वॉक मराठीत आहे. विषय एकोणिसाव्या शतकातली मुंबई, पण नेहमीसारखं ही इमारत कोणी बांधली आणि तो पुतळा कुठल्या साहेबाचा असं नाही, त्या काळात माणूस आजारी पडला किंवा लढाईत जखमी झाला तर काय करायचे, घरात काय उगाळायचे, डॉक्टर काय पाजायचे, त्यातलं काय खरंच लागू पडायचं आणि काय जिवावर बेतायचं, हे सगळं. घेऊन जाणाऱ्या मॅडम निवृत्त फार्मासिस्ट आहेत, तीस वर्षं दुकानाच्या काउंटरला उभ्या राहिलेल्या. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण जुनं ते सगळं सोनं म्हणणारे खूप भेटतात आणि जुनं ते सगळं अडाणीपणा म्हणणारेही खूप भेटतात, या बाई प्रत्येक गोष्टीला थांबून सांगतात की हे चालायचं का, आणि का चालायचं.

मैदानात उभं राहून पहिली गोष्ट काढली ती १८५७ ची. या मैदानाला तेव्हा एस्प्लनेड म्हणायचे, आणि १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना इथे तोफेच्या तोंडी दिलं. फोर्जेट नावाचा पोलीस अधिकारी वेष बदलून शहरात फिरायचा, सोनापूरच्या एका घरात शिपाई जमतात हे कळल्यावर त्याने भिंतीला भोक पाडून त्यांचं बोलणं ऐकलं. मी या मैदानाच्या कडेने कॉलेजची तीन वर्षं चालत गेलेय, क्रॉस मैदानाकडून यायचं आणि वडापाव खात स्टेशन गाठायचं, आणि ही दोन नावं मला माहीत नव्हती. मॅडमनी नावं घेतली आणि अर्धा मिनिट काहीच बोलल्या नाहीत, आजूबाजूला क्रिकेट चालूच होतं.

मग त्यांनी पिशवीतून पानवाल्याकडचा कात काढला, एकेक खडा प्रत्येकाच्या हातावर ठेवला आणि विचारलं, हा लढाईत कशाला लागेल? कोणालाच सांगता आलं नाही. गोष्ट अशी की १७९२ ला टिपूशी लढाई चालू असताना इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान बैल हाकायला होता, तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याकडच्या एका माणसाने, जो जातीने विटा भाजणारा होता, त्याला नवीन नाक करून दिलं. कसं, तर आधी मेणाचं नाक बनवून चेहऱ्यावर बसवून बघायचं, मग ते मेण कपाळावर सपाट पसरायचं, त्याच्या कडेने रेघ मारून तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त चालू राहतं, आणि ते कातडं फिरवून खाली नाकाच्या जागी आणायचं. टाके नाहीत काही नाहीत. कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या, चार दिवस हात लावायचा नाही, मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती घालायच्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती जोडलेली पट्टी कापायची.

कात आणि तूप! आमच्या घरात तोंड आलं की आजी कात लावायची, त्याने तोंड आवळून यायचं ते मला अजून आठवतंय. मॅडम म्हणाल्या तेच तर, तो आवळतो म्हणूनच, जखमेतून पाझरणारं रक्त थांबवतो आणि वाळला की घट्ट बसतो. ही हकिकत १७९४ ला लंडनच्या एका मासिकात चित्रासकट छापून आली, तिथल्या कार्प्यू नावाच्या सर्जनने ती वाचून आधी मुडद्यांवर सराव केला आणि १८१४ ला एका फौजी अधिकाऱ्यावर हेच ऑपरेशन केलं. त्या अधिकाऱ्याचं नाक तलवारीने नव्हतं गेलेलं, पाऱ्याची औषधं घेऊन घेऊन गेलं होतं. म्हणजे बघा, तिकडच्या औषधाने घालवलेलं नाक पुण्याच्या पद्धतीने परत आलं. कपाळाचं कातडं वळवून नाक करायची ही रीत प्लास्टिक सर्जरीत आजही आहे.

कामा हॉस्पिटलच्या गेटसमोर बायका-मुलांच्या गोष्टी झाल्या. हे हॉस्पिटल १८८६ चं, बायकांसाठी बायकांनी चालवलेलं, एडिथ पेची पहिल्या प्रमुख, रखमाबाईंनीही विलायतेहून आल्यावर इथे काही काळ काम केलं. मला इथली आवडलेली गोष्ट देवीच्या लशीची. लस टिकवायला बर्फ नाही फ्रीज नाही, तर ती माणसाच्या दंडातून माणसाच्या दंडात अशीच पुढे न्यायची, एकाच्या फोडातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचायचं, आणि अशी ती बगदाद-बसऱ्याहून मुंबईला पोचली. १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, भारतात लस लागू पडलेलं ते पहिलं माणूस. तिच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना दिली आणि तिथून पुढे ती पुण्याला, सुरतेला अशी पसरत गेली. गायीच्या देवीपासून आलेली म्हणून आपल्याकडे तिला गोस्तन देवी म्हणायचे. आईच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण आहेत, तिने लगेच बाही वर करून दाखवले, मग ग्रुपमधल्या अजून दोन आजींनीही दाखवले.

क्रॉफर्ड मार्केटचा थांबा मला कमी आवडला. एकतर तिथे हातगाड्यांचा आवाज इतका की मॅडमच्या कमरेच्या छोट्या स्पीकरमधून अर्धं ऐकूच येत नव्हतं, मागे उभ्या असलेल्यांना तर काहीच नाही. मला पुढे जाऊन जे मिळालं ते असं की १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकला असं सांगतात, आणि १८६५ ला युद्ध संपल्याबरोबर शेअर कोसळून मोठमोठे शेठ बसले. मार्केट १८६९ चं, म्हणजे त्या धामधुमीच्या लगेच नंतरचं. तिकडे अमेरिकेत गोळीने मेले त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं जुलाब-तापाने मेली. डॉक्टर लोक कॅलोमेल म्हणजे पाऱ्याची पूड ऊठसूट द्यायचे, दात पडायचे, जबडे सडायचे, शेवटी १८६३ ला हॅमंड नावाच्या मुख्य सर्जनने ती फौजेच्या औषधांच्या यादीतूनच काढून टाकली तर बाकीचे डॉक्टर त्याच्यावर उलटले. आणि दक्षिणेकडच्या फौजेकडे नाकेबंदीमुळे टाके घालायला रेशीम उरलं नाही म्हणून घोड्याचे केस वापरायला लागले, पण केस ताठ असतो, तो मऊ व्हावा म्हणून उकळून घ्यायचे, आणि त्या उकळण्याने त्यांच्या नकळत जंतू मरायचे, त्यामुळे त्यांच्या जखमा कमी चिघळायच्या. ही गोष्ट शांत जागी सांगायला हवी होती हो. हेच मी त्यांना नंतर बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तिथून टिळक मार्गाने धोबी तलावाला आलो. इथे बिब्बा. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे, ती खूण जात नाही, म्हणून इथेच ही गोष्ट. आपण कोणीतरी मध्ये बिब्बा घातला म्हणतो ना, तो हाच, कातडीला लागला की फोड उठतात. पायात काटा मोडला की बिब्बा तापवून चटका द्यायचे हे आईने सांगितलं, तिच्या वडिलांना दिलेला तिने पाहिलाय. पण मॅडमनी पुढचं सांगितलं ते नवीनच होतं, की कोर्टात मारहाणीची खोटी केस करायला लोक अंगाला बिब्ब्याचा रस लावून काळेनिळे डाग पाडायचे, आणि त्यामुळे डॉक्टरांच्या पुस्तकांत खरा मार आणि बिब्ब्याचा डाग वेगळा कसा ओळखायचा हे लिहायची वेळ आली. खऱ्या मुक्या माराला खाज येत नाही, बिब्ब्याला भयंकर येते आणि बारीक फोड असतात, खाजवलेल्या बोटांवरही डाग सापडतो. घरी करू नका हे त्यांनी तीनदा बजावलं.

मेट्रो सिनेमासमोर डॉक्टर व्हिएगस यांचा पुतळा आहे. हजारदा समोरून गेले असेन. मांडवीत सप्टेंबर १८९६ ला गाठी आलेले पेशंट बघून हा प्लेग आहे असं पहिल्यांदा ओळखणारे ते हे. पुढच्या चार महिन्यांत अर्धी मुंबई गावाकडे पळाली, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. त्याच मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. हे शाळेत वाचलेलं असतं पण हे सगळं सहा महिन्यांच्या आत झालंय हे मला त्या पुतळ्याखाली उभं राहून लक्षात आलं.

आणि मग प्रिन्सेस स्ट्रीट. औषधांचा होलसेल बाजार म्हणून सगळ्यांना माहितीये, पण हा रस्ता प्लेगमुळे झालाय. प्लेगनंतर १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, त्यांनी इथली दाटीवाटीची घरं पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून हा सरळ रस्ता काढला. वाऱ्यासाठी काढलेल्या रस्त्यावर आज औषधांचे खोके उतरत असतात. इथे मॅडमनी क्लोरोडाइनची गोष्ट सांगितली, कॉलिस ब्राउन नावाच्या हिंदुस्थानातल्या फौजेच्या डॉक्टरने १८४८ च्या सुमारास कॉलऱ्यासाठी बनवलेलं, त्यात अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म. जुलाब थांबायचे कारण अफूने आतडी मंद होतात, पण अंगातलं गेलेलं पाणी काही परत यायचं नाही, आणि सवय लागायची ती वेगळीच. लहान मुलांच्या ग्राइप वॉटरचंही इथेच निघालं, १८५१ ला इंग्लंडात वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने काढलेलं, त्यात मुख्य काय तर शेपूचं तेल. आपला बाळंतशेपा! फक्त त्यांनी त्यात दारू आणि साखर घातली होती.

आता शेवटचा थांबा, ज्याच्यासाठी मी खरं हे लिहितेय. भुलेश्वरच्या गल्लीत काष्टौषधीचं एक जुनं दुकान, आठ फूट रुंद असेल, मागे छतापर्यंत लाकडी खण. मालक काका सत्तरीचे, गुजराती वळणाचं पण साफ मराठी बोलतात. त्यांनी एक छोटी काचेची बाटली घेतली, त्यात चिमूटभर ओव्याचं फूल टाकलं, तेवढंच पुदिन्याचं फूल, आणि भीमसेनी कापराचा खडा. तिन्ही कोरडे, पांढरे, स्फटिकासारखे. बूच लावून बाटली आईच्या हातात दिली आणि म्हणाले, हलवा ताई. आईने हलवली, आधी खडखड वाजत होतं, मग कडेने ओलसर दिसायला लागलं, मग खडे एकमेकांना चिकटून झिजायला लागले आणि बघता बघता बाटलीत पाण्यासारखा पातळ रस. पाणी नाही, विस्तव नाही. मॅडमनी सांगितलं की हे तीन एकत्र आले की त्यांचा वितळायचा बिंदू एकदम खाली येतो, आपल्या उन्हाळ्या-हिवाळ्यातही ते घट्ट राहूच शकत नाहीत. ओव्याच्या फुलाला केमिस्ट थायमॉल म्हणतात, ते जंतू मारतं हे खरंच आहे. डोकं दुखलं तर कपाळाला, सर्दीला वास घ्यायला, बस. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या आसपास कापूर आणू नका, पोटात गेला तर झटके येतात. हे काका आणि मॅडम दोघं एका सुरात बोलले.

एका गृहस्थाने कॅन्सरवर काही आहे का विचारलं, काका सरळ म्हणाले टाटाला जा, माझ्याकडे नाही. मग त्यांनी कडू कवठाच्या बिया दाखवल्या. भाऊ दाजी लाड, ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले, त्यांनी याच्या तेलाने महारोगावर उपचार करून बघितले होते, आणि हे तेल पुढे जगभर त्या रोगावर वापरलं गेलं, १९४० नंतर नवीन गोळ्या येईपर्यंत. काका म्हणाले आता कोणी घ्यायला येत नाही आणि येऊही नये, गोळ्यांनी बरा होतो, मी नुसतं दाखवायला ठेवलंय.

आणि मग बाळगुटी. सहाण मांडून काकांनी मुरुडशेंग उगाळून दाखवली, ती पिळदार शेंग बघूनच कळतं पोटातल्या मुरड्यावर का देत असतील. हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, प्रत्येकाचे वेढे, म्हणजे सहाणेवर किती वेळा फिरवायचं ते, ठरलेले, कशाचे चार, जायफळाचा एकच, कारण जास्त झालं तर मूल गुंगतं. आई पुढे होऊन म्हणाली, आमच्याकडे सुंठीचे दोन वेढे थंडीत. मॅडमनी इथे सांगितलं की आज सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही असं डॉक्टर सांगतात ते ऐका, हे बघा, शिका, पण नातवंडांना देण्याआधी विचारा. मला वाटलं दोघी वाद घालतील, पण मॅडमनी हळू आवाजात पुढचं काढलं, बाळगोळीचं. बाळगुटी नाही, बाळगोळी. अफूची. गिरणीत जाणाऱ्या बायका कामाला जाताना तान्ह्याला देऊन निजवून जायच्या, दहा-दहा तास मूल झोपलेलं राहायचं. बाजारात उघड मिळायची, १८९३ ला सरकारने अफूची चौकशी करायला कमिशन नेमलं त्याच काळातली ही गोष्ट, आणि पुढे विसाव्या शतकातही चालू राहिली.

आई गप्प झाली. मग तिने सांगितलं, जे मी चाळीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, की तिची आजी लालबागला गिरणीत होती आणि तिची दोन मुलं झोपेतच गेली. घरात म्हणायचे दृष्ट लागली. गोळी द्यायचे हे आईला माहीत होतं पण दोन्ही गोष्टी तिने कधी जोडल्याच नव्हत्या. मॅडमनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, ताई, गोळीनेच गेली असं आज आपण नाही सांगू शकत, पण तुमच्या आजीला दुसरं काय होतं हो, पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. काकांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. पंधरा माणसं त्या गल्लीत दोन मिनिटं नुसती उभी होती आणि कोणीही मोबाइल काढला नाही.

अर्धा स्टार कशासाठी कापला ते सांगते. स्पीकरचं लिहिलंच. तीन तासांत टॉयलेटसाठी थांबा नाही, सत्तरीच्या माणसाला हे जड जातं, क्रॉफर्ड मार्केटनंतर कुठेतरी दहा मिनिटं ठेवा. सुरू व्हायला वीस मिनिटं उशीर झाला त्यामुळे शेवटी ऊन लागलं. आणि हातात देतात ते पत्रक इंग्रजीत, बारीक टायपात, वॉक मराठीत असताना पत्रक का नाही, आईला वेढ्यांचा तक्ता घरी आल्यावर मला वाचून दाखवावा लागला. दुकानात खरेदीची अजिबात सक्ती नाही हे मात्र आवर्जून लिहिते, आधी मी असाच एक वॉक दुसऱ्यांचा केला होता त्यात शेवटी तेलाच्या बाटल्या गळ्यात मारल्या होत्या. आम्ही मुरुडशेंग, ओव्याचं फूल आणि जेष्ठमध घेतलं, सगळं अडीचशेच्या आत, काकांनी प्रत्येक पुडीवर नाव आणि तारीख लिहून दिली.

गुडघे दुखत असतील तरी जमतो, चालणं सपाट आहे, आई ७२ ची आहे. टोपी आणि पाण्याची बाटली न्या. शनिवारीच जा, रविवारी भुलेश्वरचं दुकान बंद असतं आणि दुकानाशिवाय हा वॉक अर्धा आहे. पुढच्या महिन्यात यांचा कुलाब्याचा वॉक आहे, अफगाण चर्चचा, त्यात १८४२ ला काबूलहून परतताना टोपीत कोंबलेल्या मासिकामुळे डोक्यावरचा वार चुकलेल्या डॉक्टर ब्रायडनची गोष्ट सांगणार आहेत. आईने दोन सीट सांगून ठेवल्यात, आणि मावशीलाही फोन करून झालाय, कारण लालबागच्या आजीबद्दल मावशीला काय आठवतंय ते तिला विचारायचंय.